घरगुती कचरा व्यवस्थापन

घरगुती कचरा व्यवस्थापन म्हणजे घरात रोज निर्माण होणारा केरकचरा मुळात कमी करणे, जो निर्माण होतो तो प्रकारांनुसार वेगळा ठेवणे आणि त्यातील शक्य तेवढा भाग खत, इंधन किंवा कच्चा माल म्हणून पुन्हा उपयोगात आणणे होय. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने महाराष्ट्रातील घरांत अवलंबिल्या जाणाऱ्या सोप्या पद्धती, त्यांमागील कारणे आणि त्यासंबंधीचे नियम यांचा परामर्श घेतला आहे. भारतीय शहरांतील घरगुती कचऱ्यात वजनाने सुमारे निम्मा भाग स्वयंपाकघरातील ओल्या, कुजणाऱ्या पदार्थांचा असतो. तो उरलेल्या सुक्या कचऱ्यात मिसळला की दोन्ही निरुपयोगी होतात. त्यामुळे ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा ठेवणे ही एक कृती अन्य सर्व उपायांचा पाया मानली जाते.

पूर्वपीठिका

मराठीत कचऱ्यासाठी एकच शब्द नाही, हे लक्षणीय आहे. झाडून निघतो तो केर, परसात साठतो तो उकिरडा, शिंप्याकडे उरतात त्या चिंध्या, देवापुढून उतरते ते निर्माल्य, वाण्याकडे पुड्या बांधायला जाते ती रद्दी आणि लोहाराच्या वा कासाराच्या उपयोगाची ती मोड. या प्रत्येक वस्तूचे जाण्याचे ठिकाण ठरलेले होते आणि नावातच ते सूचित होई. ‘कचरा’ या एकाच नावाखाली सर्व काही एका डब्यात जाऊ लागले, ती सवय शहरी आणि तुलनेने अलीकडची आहे.

ग्रामीण घराचा उकिरडा ही वस्तुतः खताची खाण होती. शेण, गोठ्यातील गव्हाणीत उरलेला चारा, चुलीची राख आणि भाजीचे देठ त्यात पडत आणि पावसाळ्यापूर्वी ते खत शेतात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते, अशा अर्थाची म्हण याच अनुभवातून आलेली दिसते. जुन्या लुगड्यांची गोधडी किंवा वाकळ शिवली जाई, तीही विरल्यावर तिचे पायपुसणे होई. बोहारीण जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देई. कल्हईवाला, छत्री दुरुस्त करणारा, चप्पल शिवणारा, जाते-पाट्याला टाकी लावणारा असे कारागीर दारावर येत. या व्यवस्थेचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यातील बरीचशी काटकसर टंचाईतून आलेली होती, आणि घाण उचलण्याचे काम जातीने बांधलेल्या माणसांवर लादलेले होते. तरीही वस्तूचे आयुष्य वाढविण्याची जी कौशल्ये तिच्यात होती, ती आजही उपयोगी आहेत.

केरकचऱ्यापासून खत करण्याच्या शास्त्रशुद्ध पद्धतीशी एका मराठी नावाचा संबंध आहे. इंदूर येथील संशोधन संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा व शेण थरांनी रचून, वेळोवेळी चाळवून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली. या विषयावरील दोघांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभर हॉवर्ड यांचे नाव राहिले, वाड यांचे फारसे कोणास ठाऊक नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून सोनखत करण्याचे प्रयोग केले. त्यामागे सफाईचे काम विशिष्ट जातींच्या माथ्यावरून उतरविण्याचा हेतू होता. श्रीपाद दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराने घरातील ओल्या कचऱ्यावर गच्चीत भाजीपाला पिकविण्याच्या ‘नगरशेती’ला चालना दिली.

वर्गीकरण न केल्यास काय होते

मिश्र कचरा कचराभूमीवर ढिगाने रचला जातो. ढिगाच्या आत हवा पोहोचत नाही, त्यामुळे ओला भाग कुजताना मिथेन वायू तयार होतो. हा वायू ज्वलनशील आहे. शिवाय शंभर वर्षांच्या कालावधीत मोजल्यास तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक उष्णता अडवून धरतो. ढिगातून झिरपणारे काळे पाणी विहिरी व ओढ्यांत उतरते. मुंबईची देवनार कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर शहराच्या मोठ्या भागावर पसरला होता. पुण्याच्या कचऱ्याचा भार उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षे सोसला. तेथील ग्रामस्थांनी अनेकदा कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे फेब्रुवारी-मार्च २०१८ मध्ये नारेगाव परिसरातील रहिवाशांनी कचरा टाकण्यास मज्जाव केल्यावर शहरात आठवडेच्या आठवडे कचरा पडून राहिला. कचरा टाकण्यासाठी पर्यायी जागा शोधताना मिटमिटा भागात हिंसाचारही झाला. शहराने दाराबाहेर ठेवलेली पिशवी कोणाच्या तरी अंगणात जाऊन पडते, हे या प्रसंगांनी दाखवून दिले.

मिश्रणाचे दुसरे नुकसान आर्थिक आहे. कोरड्या वर्तमानपत्राला रद्दीवाला दर देतो. तेच वर्तमानपत्र आमटीत भिजले की त्याची किंमत शून्य होते. उलटपक्षी ओल्या कचऱ्यात काचेचे तुकडे, औषधांच्या पट्ट्या किंवा बॅटरीचा सेल मिसळला, तर त्यापासून झालेले खत शेतकरी घेत नाही.

कायदे व नियम

अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेच्या पाठपुराव्यातून नागरी घनकचऱ्यासंबंधीचे २००० सालचे नियम आले. त्यांत मुख्य जबाबदारी नगरपालिकांवर होती. ८ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मात्र कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकावर कर्तव्य टाकले. त्यानुसार ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार वेगळे ठेवणे, कचरा उघड्यावर न टाकणे, न जाळणे व न पुरणे, तसेच ठरलेले शुल्क भरणे बंधनकारक झाले. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करावी, असेही त्यांत म्हटले होते. ओल्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा डबा हा संकेत स्वच्छ भारत अभियानामुळे रूढ झाला.

प्लास्टिकबाबत महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून हाताच्या पिशव्या, थर्माकोलची ताटे-वाट्या इत्यादी वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून निवडक एकल-वापर प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी लागू झाली. या बंदीची अंमलबजावणी बाजारपेठांत एकसारखी झालेली नाही.

कचरा मुळातच कमी करणे

पुनर्चक्रीकरणाला लोकांची पसंती असते, कारण त्यात खरेदीची सवय बदलावी लागत नाही. परंतु गोळा करणे, वाहून नेणे, धुणे आणि वितळविणे या प्रत्येक टप्प्यावर पाणी व ऊर्जा खर्च होते, आणि प्लास्टिकची प्रत दर फेरीला उतरते. त्यामुळे जी वस्तू घरात आलीच नाही तिच्यापासून होणारा लाभ सर्वांत मोठा असतो.

या बाबतीत पिठाची गिरणी हे आजही टिकून असलेले उत्तम उदाहरण आहे. गिऱ्हाईक आपला डबा घेऊन जाते, त्यावर नाव लिहिलेले असते आणि त्याच डब्यातून पीठ घरी येते. वेष्टन लागतच नाही. हीच रीत तेलाच्या घाण्यावर, किराणा दुकानातील सुट्या धान्याला, इडली-डोशाच्या पिठाला, मासळी आणि मटणाला लावता येते. दांड्याचा स्टीलचा डबा नेल्यास बहुतेक कोळणी व दुकानदार हरकत घेत नाहीत. शाम्पू, सॉस व मसाल्यांच्या छोट्या पुड्या स्वस्त वाटतात, पण त्या बहुपदरी असल्याने भंगारवालाही त्या घेत नाही. एक मोठी बाटली घेतल्यास अशा अनेक पुड्या वाचतात. कापडी पिशवी तर सर्वांच्या घरी असते, अडचण ती बरोबर नेण्याची आहे. दाराच्या कडीला किंवा दुचाकीच्या डिकीत एक घडी कायम ठेवणे हा त्यावरील साधा उपाय होय.

अन्नाच्या नासाडीकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते. मराठी स्वयंपाकात ‘टाकाऊ’ मानल्या जाणाऱ्या भागांचे पदार्थ पुष्कळ आहेत: दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधी व लाल भोपळ्याच्या सालींची चटणी, कोथिंबिरीच्या कोवळ्या देठांचे वाटण, फ्लॉवरच्या पानांची भाजी, कलिंगडाच्या सालीआतील पांढऱ्या गराचे थालीपीठ. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि फोडणीचा भात यांना तर न्याहारीत मानाचे स्थान आहे. आठवड्याचा बाजार करण्यापूर्वी फ्रीजमध्ये काय उरले आहे ते पाहणे, ही सूचना क्षुल्लक वाटली तरी भाजी कुजण्याचे मुख्य कारण दुहेरी खरेदी हेच असते.

लग्न, मुंज, वास्तुशांत अशा प्रसंगी एका दिवसात घराच्या कित्येक महिन्यांइतका कचरा होतो. भाड्याची स्टीलची ताटे किंवा पळसाच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण वापरल्यास त्याचा मोठा भाग टळतो. पत्रावळ निवडताना तिला आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा लावलेला नाही ना, हे पाहावे लागते. बाजारातील अनेक ‘कागदी’ ताटल्या आणि पेले तसे असतात व ते खतातही जात नाहीत, रद्दीतही नाहीत.

ओला कचरा व घरगुती खत

चौघांच्या कुटुंबात साधारणतः रोज अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. त्याचे खत करण्यासाठी मोठी जागा किंवा महागडे यंत्र लागत नाही. बुडाला व बाजूंना भोके पाडलेली बादली, मातीच्या कुंड्या किंवा बांबूची टोपली चालते. तळाशी नारळाच्या शेंड्या अथवा वाळक्या पानांचा चार बोटे जाड थर देतात. त्यावर रोजचा कचरा बारीक करून टाकतात आणि विरजण म्हणून मूठभर जुने खत, थोडे शेण किंवा आंबट ताक घालतात. प्रत्येक वेळी वरून वाळका पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा चुरा पसरून कचरा पूर्ण झाकला जातो. दोन-तीन दिवसांनी काठीने ढवळल्यास आत हवा खेळते. भांडे भरल्यावर ते बाजूला ठेवून दुसरे सुरू करतात. पहिल्यातील खत दोन ते तीन महिन्यांत तयार होते. तयार खत काळसर, भुसभुशीत असते आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो.

या प्रक्रियेत सूक्ष्मजीवांना कार्बन व नायट्रोजन दोन्ही लागतात, साधारण २५ ते ३० भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन या प्रमाणात. भाजीपाला व उष्टे अन्न यांतून नायट्रोजन मिळतो, वाळक्या पानांतून कार्बन. घरगुती प्रयोग फसण्याचे कारण बहुधा सुक्या पानांचा अभाव हेच असते. दुर्गंधी येऊ लागली तर ओल जास्त व हवा कमी आहे असे समजावे आणि सुका थर वाढवावा. मुंग्या झाल्या तर खत फार कोरडे आहे, पाण्याचा हबका मारावा. करड्या रंगाच्या जाड अळ्या दिसल्या की अनेक घरांत प्रयोग तिथेच थांबतो. वास्तविक त्या बहुधा ‘काळी सैनिक माशी’ या निरुपद्रवी कीटकाच्या असतात व कचरा झपाट्याने खातात. त्या नकोशा वाटल्यास वरचा सुका थर जाड केला की त्या घटतात.

आंब्याच्या कोया, नारळाच्या करवंट्या, मक्याची कणसे व हाडे कुजण्यास फार वेळ लागतो. लिंबूवर्गीय साली थोड्या प्रमाणात चालतात. मासळी व मटणाचे अवशेष लहान भांड्यात घालू नयेत, त्याने मांजरे व उंदीर येतात. गणेशोत्सवातील हार, दूर्वा व पत्री नदीत सोडण्याऐवजी निर्माल्य कलशात टाकण्याची प्रथा शहरांत रुजली आहे, आणि त्यांचे खत उत्तम होते. मात्र हारातील दोरा, जरी आणि थर्माकोलचे मणी आधी काढावे लागतात.

गांडूळखत हा दुसरा मार्ग आहे. त्यासाठी आयसेनिया फेटिडा ही पृष्ठभागाजवळ राहणारी जात वापरतात. जमिनीत खोल जाणारी गांडुळे या कामी येत नाहीत. तिखट, मीठ, तेल व ऊन त्यांना सोसत नाही. पुण्यातील ‘आरती’ या संस्थेत आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, शेणाऐवजी शिळ्या अन्नावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र विकसित झाले. बंगला किंवा रो-हाउस असल्यास ते उपयुक्त ठरते, सदनिकेत त्यासाठी जागा मिळणे कठीण असते. वसाहती, बाजार व उपाहारगृहे यांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला ‘निसर्गऋण’ हा मोठा प्रकल्प आहे. गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारण करणाऱ्या निवासी मिळकतींना पुणे महानगरपालिका मालमत्ता करात सवलत देते.

सुका कचरा

सुक्या कचऱ्याच्या बाबतीत नियम थोडक्यात असा: रिकामे करा, विसळा, वाळवा. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तो तुकडा पूर्ण सुटू देऊ नये, पिशवीलाच लोंबता ठेवावा, कारण सुटलेला इवलासा तुकडा कोणीही वेचत नाही आणि तो गटारात जातो. पिशवी उभी चिरून, विसळून, खिडकीच्या गजाला वाळत घातली की तिला भंगारात दर मिळतो. डाळ-तांदळाचे पाणी विसळण्यासाठी वापरल्यास स्वच्छ पाणीही खर्च होत नाही.

प्लास्टिकच्या वस्तूंवर त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्यांचे पेट, २ म्हणजे शाम्पू-फिनेलच्या बाटल्यांचे जाड पॉलिथिन, ४ म्हणजे पातळ पॉलिथिन, ५ म्हणजे डबे व झाकणांचे पॉलिप्रॉपिलीन. या चारही प्रकारांना भंगारबाजारात कमीअधिक मागणी असते. वेफर्स व बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनांत मात्र प्लास्टिक व धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही. अशी वेष्टने बहुधा सिमेंट कारखान्यांत इंधन म्हणून जाळली जातात किंवा रस्त्याच्या डांबरात मिसळली जातात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला नगरपरिषदेने कचऱ्याचे काटेकोर वर्गीकरण, बायोगॅस आणि रस्त्यांत प्लास्टिकचा वापर यांची सांगड घातली, व तेथील कचराभूमीच पाहण्याचे स्थळ बनली. गोव्यात साळगाव येथे २०१६ पासून मोठा प्रक्रिया प्रकल्प सुरू आहे.

काच आणि धातू कितीही वेळा वितळविता येतात. वापरलेल्या ॲल्युमिनियमपासून पुन्हा ॲल्युमिनियम करताना, खनिजापासून करण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. अखंड बाटलीला फुटक्या काचेपेक्षा चांगला दर मिळतो, म्हणून ती फोडू नये. दुकानातील गुळगुळीत पावत्यांचा थर्मल कागद, तेलकट खोकी आणि वापरलेले टिशू रद्दीत चालत नाहीत. शंका असलेली वस्तू ‘होईल काहीतरी’ म्हणून निळ्या डब्यात टाकल्याने उपयोग होत नाही, उलट ती निवडून काढण्याचे काम कोणाला तरी हाताने करावे लागते.

घातक व सॅनिटरी कचरा

ट्यूबलाइट व सीएफएल दिव्यांत पारा असतो. तो फुटल्यास खिडक्या उघडून, हातमोजे घालून तुकडे बंद डब्यात भरावेत. मुदत संपलेली औषधे, रंगाचे डबे, कीटकनाशके व सेल यांसाठी घरात एक लहान खोके वेगळे ठेवणे सोयीचे असते. ई-कचऱ्यासंबंधीचे नियम प्रथम २०११ मध्ये आले. २०२२ च्या नियमांनुसार उत्पादकांवर ठरावीक प्रमाणात पुनर्चक्रीकरणाचे दायित्व आहे. जुना मोबाइल भंगारात विकल्यास चार पैसे अधिक मिळतात हे खरे, परंतु त्यातील तांबे काढण्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात व त्याचा विषारी धूर जाळणाऱ्याच्याच फुफ्फुसात जातो.

सॅनिटरी नॅपकिन व डायपर हा विषय घरात संकोचाने टाळला जातो. ते न गुंडाळता टाकल्यास कचरा हाताळणाऱ्या स्त्रीला ते उघड्या हाताने वेगळे करावे लागतात. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत पुण्यातील कचरावेचकांच्या संघटनेने प्रचारात आणली. एका ठिपक्याने आत काय आहे ते न उघडता कळते. मासिक पाळीसाठी कापडी पॅड किंवा कप वापरणे हा कचरा मुळात टाळण्याचा पर्याय आहे.

कचरावेचक

महाराष्ट्रातील पुनर्चक्रीकरणाचा मोठा भाग यंत्रांवर नव्हे, तर कचरावेचक, फेरीवाले भंगारवाले आणि धारावीसारख्या वस्त्यांतील छोटे कारखाने यांच्यावर उभा आहे. वेचकांत स्त्रियांची, त्यातही दलित समाजातील स्त्रियांची संख्या मोठी आहे. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना स्थापन झाली. पालिकेने सदस्यांना ओळखपत्रे दिली, त्यामुळे चोर समजून हटकले जाण्याचे प्रकार कमी झाले. या संघटनेतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. तिचे ३,००० हून अधिक सदस्य घरोघरी कचरा गोळा करतात. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने ‘परिसर विकास’ उपक्रमातून वेचक स्त्रियांना खतनिर्मिती व बायोगॅस संयंत्र चालविण्याचे प्रशिक्षण दिले.

वेचक स्त्रीच्या उत्पन्नाचा महत्त्वाचा हिस्सा सुका माल विकून येतो. घरातून तो स्वच्छ व कोरडा मिळाला तर तिचे निवडण्याचे तास वाचतात आणि मालाला दरही चढा मिळतो. मिश्र पिशवी मिळाल्यास तिला ती रस्त्याच्या कडेला बसून उपसावी लागते. फुटकी काच कागदात गुंडाळून त्यावर ‘काच’ असे लिहिणे, दाढीची पाती व इंजेक्शनच्या सुया बंद डबीत ठेवणे ही खबरदारी तिच्या हातांसाठी असते.

अडचणी

वर्गीकरण करणाऱ्या कुटुंबांची नेहमीची तक्रार अशी, की घरी वेगळा ठेवलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होतो. काही ठिकाणी ती रास्त असते. वेगळे कप्पे नसलेली वाहने आणि वजनावर दिली जाणारी कंत्राटाची देयके ही त्याची कारणे आहेत. वजनावर पैसे मिळत असतील तर कचरा कमी होण्यात कंत्राटदाराचे हित उरत नाही. अशा वेळी ओला कचरा आवारातच जिरविणाऱ्या आणि सुका थेट वेचकांना देणाऱ्या वसाहतींना गाडीवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. लहान सदनिका, पावसाळ्यातील दमट हवा, घरकामाला येणाऱ्या व्यक्तीला वर्गीकरण समजावून न सांगणे आणि डबे ठेवण्याची सर्व जबाबदारी घरातील एकाच स्त्रीवर पडणे, या अन्य अडचणी होत. भंगाराचे दर कच्च्या तेलाच्या दरांबरोबर वरखाली होतात. नवे प्लास्टिक स्वस्त झाले की जुन्या प्लास्टिकची मागणी घटते, आणि आदल्या महिन्यापर्यंत विकली जाणारी पिशवी भंगारवाला परत पाठवितो.